डॉक्टरकी सुटली तो उन्हाळा

आमच्या गल्लीतली जुनी माणसं मला अजून डॉक्टरीन म्हणतात. उभं आयुष्य काळ्या कोटात गेलं, केस पिकले, कोर्टाच्या पायऱ्या चढून गुडघे झिजले, तरी सकाळी दूध आणायला बाहेर पडले की ओट्यावरून कुणीतरी विचारतंच, "काय डॉक्टरीनबाई, बरं हाय ना?" मी "बरं हाय" म्हणते आणि पुढे जाते. दुरुस्त करून सांगायचा आता कंटाळा येतो. शिवाय ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांनी मोठ्या हौसेने ठेवलं होतं. बांगडीवाल्याची पोरगी नागपूरला डॉक्टरकी शिकायला गेली, ही गोष्ट त्या गल्लीत सणासारखी साजरी झाली होती. तो सण मीच अर्ध्यावर मोडला. काऊन मोडला, हे मला आजवर पुष्कळांनी विचारलं आणि मी प्रत्येकाला काहीतरी थातूरमातूर सांगितलं. आता उत्तरं जुळवायचा उत्साह उरला नाही, तेव्हा झालं तसं लिहून टाकते. गावाचं आणि कोर्टाचं नाव मात्र लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत.

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, कौलारू, बुटकं. पुढच्या खोलीत बांगड्या, मागच्या खोलीत आम्ही. अब्बा पहाटे उठून सुतळीत ओवलेल्या बांगड्या पेंढा घालून टोपल्यांत रचायचे, तेव्हा सगळं घर बारीक किणकिणायचं. त्याच्या मागोमाग राइस मिलचा धडधडाट सुरू व्हायचा आणि मग अम्मीचा तवा. अम्मीच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे गल्लीत प्रसिद्ध होते. भात, अंबाडीची भाजी, कधी सुकट आणि शुक्रवारी वडे, एवढ्यात आमचा आठवडा जायचा. अब्बा एकेका दिवशी एकेका गावचा बाजार करायचे. चामोर्शीचा मोठा बाजार, मग आत रानातले छोटे बाजार, पार भामरागडच्या वाटेपर्यंत. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद व्हायचे आणि अब्बा घरी बसून कावायचे. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ते मलाही सोबत न्यायचे. बांगडी भरताना बाईचा हात हातात घ्यावा लागतो, आणि हात हातात असला की बाई बोलते. नवऱ्याचं, सासूचं, दुखण्याखुपण्याचं. अब्बा ऐकत आणि हूं हूं करत. मी शेजारी बसून ऐकायचे. गोंडी मला कुणी शिकवली नाही. "हात ढिला सोड," हे त्या भाषेतलं मी शिकलेलं पहिलं वाक्य, आणि मग बाकीचं आपोआप येत गेलं.

रशीदभाई माझा थोरला भाऊ. अब्बांना एकट्याने बाजार झेपेनात तेव्हा त्याने शाळा सोडली आणि गावातल्या दुकानावर बसला. त्याला कुणी सोड म्हटलं नव्हतं, राहा असंही कुणी म्हटलं नाही. मला बारावीला चांगले मार्क पडले आणि मेडिकलला नंबर लागला, त्या दिवशी त्याने दुकानासमोर बुंदी वाटली. अम्मी तर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायची, "आमची नसीम डॉक्टर होऊन राह्यली."

मी डॉक्टर होत होते हे खरं. पास होत होते, मास्तरांची तक्रार नव्हती. पण नागपूरचे ते दिवस आठवले की मला फक्त थकवा आठवतो. हातांना औषधाचा वास, तो साबणाने जात नसे. होस्टेलच्या मेसमधला गार भात. तिसऱ्या वर्षी वॉर्डात जायला लागलो, तेव्हा मोठ्या डॉक्टरांच्या मागून घोळक्याने एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जायचं. कुणाचं काळीज, कुणाची प्लीहा. माणूस काही बोलायला लागला की घोळका पुढे सरकलेला असायचा. इतर मुलींना त्यातही गोडी वाटायची. मी खोलीवर येऊन चप्पल न काढता खाटेवर पडायचे आणि छताकडे पाहत राहायचे. हे कुणाला सांगणार? अम्मीला सांगितलं असतं तर तिने पीराला चादर बोलली असती. माझ्याकडून मोठमोठी कारणं ऐकायची इच्छा असणाऱ्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, की त्या उन्हाळ्यात मी घरी आले तेव्हा मुळातच दमलेली होते.

आले तर अब्बा तापाने फणफणलेले. मलेरिया. रशीदभाईने त्यांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं होतं. मी दिवसभर त्यांच्या खाटेशी बसायचे, अम्मी डब्यात पेज पाठवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी एक सिस्टर पुरुषांच्या वॉर्डात येऊन मोठ्याने म्हणाली, "अरे, कोणाले गोंडी येते काय इथी? बायांच्या वॉर्डात एक पेशंट हाय. डोळे उघडून पाह्यते, पण काहीच समजून नाई राह्यलं."

अब्बा तापातही उठून बसले. "माही पोरगी बोलते," ते म्हणाले. "जा बेटा."

बायांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर माझ्याच वयाची एक बाई होती. बाळंतपणानंतर रक्त फार गेलेलं. खाटेजवळ साध्या साडीतली एक पोलीसबाई स्टुलावर बसून पंखा वारत होती. मला वाटलं, नातेवाईक असावी. मी गोंडीत नाव विचारलं. बाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि मग एकदम माझं मनगट धरलं. नाव जैनी. गाव भामरागडच्याही आत. नवरा-बायको खडी फोडायच्या कामावर इकडे आले होते, रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहत होते. कंत्राटदाराने नवऱ्याला ट्रकवर बसवून दुसऱ्या कामावर नेलं, आणि तो तिकडे असतानाच ही पालात एकटी बाळंत झाली. बाळ रडलं नाही. तिने ते पदरात गुंडाळून आमच्या गावाच्या कडेच्या एका शेतातल्या मोहाच्या झाडाखाली पुरलं. शेतमालकाने ताजी माती पाहिली आणि पोलिसांना कळवलं. पोलिसांनी बाळ उकरून दवाखान्यात आणलं, आणि मागोमाग पालात रक्ताने थबथबलेल्या तिलाही.

डॉक्टरांनी आपलं काम नीट केलं, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी तिला रक्त चढवलं, ताप उतरवला. बाळाचीही तपासणी केली आणि त्याने कधी श्वासच घेतला नव्हता, ते मेलेलंच जन्मलं, असं स्वच्छ सांगितलं. त्यामुळे खुनाचा आरोप टळला. पण मेलेलं मूल चोरून पुरलं, जन्म लपवला, हाही कायद्याने गुन्हाच असतो, आणि तो उरला. हे मला त्या पोलीसबाईने सांगितलं. "बरी झाली का कोर्टात नेतो, मंग जेलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तीही कंटाळलेली होती. मी रोज जैनीपाशी जाऊ लागले. अम्मीला म्हटलं, पेज जरा जास्त दे. जैनी बरी होत गेली, उठून बसली, चालू लागली. गालावर रंग आला. आणि मला ते पाहून बरं वाटेना. ती जितकी बरी होत होती तितकी जेलच्या जवळ जात होती. मी शिकत होते ते सगळं शास्त्र त्या वॉर्डात हजर होतं, त्याने काहीही चुकवलं नव्हतं, आणि बाई चालली होती तुरुंगात.

तिला सुट्टी झाली त्या सकाळी ती माझं मनगट सोडेना. पोलीसबाई म्हणाली, "चाल मंग तू बी. नाईतर हे रडत बसन." अशी मी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात गेले. एक जुनी खोली, टेबलामागे साहेब, बाजूला सरकारी वकील, मागे दोन बाकं. उकाडा असा की सगळ्यांच्या माना खाली. जैनीला उभं केलं. तिची भाषा कुणाला येत नव्हती म्हणून कोर्टाच्या शिपायाला पुढे बोलावलं. त्याला बाजारापुरती गोंडी येत होती.

साहेबांनी विचारलं, "बाळ तूच पुरलंस का?"

शिपायाने तोडकंमोडकं विचारलं. जैनीने मान वर केली आणि बोलायला लागली. वॉर्डात ती माझ्याशीही इतकं सलग कधी बोलली नव्हती. हातांनी दाखवत होती, मध्येच थांबून श्वास घेत होती. बोलणं संपलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. आता सांगून झालं, आता यांना समजेल, असं.

शिपाई साहेबांकडे वळला. "हो, पुरलं म्हणते."

साहेब लिहायला लागले. मी कधी उठले ते मला आठवत नाही, माझा आवाज मलाच ऐकू आला. "साहेब, ती एवढंच नाही बोलली."

सगळ्यांनी मागे पाहिलं. "तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी मेडिकलला शिकते, साहेब. मला गोंडी येते."

"हे दवाखाना नोय, बाई," सरकारी वकील हसून म्हणाले. शिपाई बिचारा ओशाळला. त्याने खोटं सांगितलंच नव्हतं. जेवढं त्याला समजलं तेवढं त्याने सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेलेच होते. "पुढे या," ते म्हणाले. "शपथ घ्या आणि सांगा."

मी सांगितलं. ती म्हणते, बाळ रडलं नाही. मी त्याला हलवलं, तोंडात फुंकलं, तरी रडलं नाही. आमच्यात दूध न पिता गेलेल्या लेकराला मोहाच्या मुळाशी ठेवतात. झाड त्याला दूध पाजतं. मोठ्या माणसांच्या मसणात त्याला नेत नाहीत, तिथे ते उपाशी राहील. माझं गाव दूर, मला चालवत नव्हतं. इथलं मला एकच मोहाचं झाड माहीत होतं, येताना पाहिलं होतं. तिथे नेलं. वाटेत दोन बाया भेटल्या. मी त्यांना सांगितलं की माझं बाळ गेलं, पण त्यांना माझं बोलणं समजलं नाही.

साहेबांनी पेन थांबवलं. "कधी नेलं? रात्री?"

मी विचारलं. जैनीने हात उचलून डोक्यावर धरला. "सूर्य डोक्यावर होता म्हणते," मी सांगितलं. "भर दुपारी."

ज्याला लपवायचं असतं तो भर दुपारी, वाटेवरून, भेटेल त्याला सांगत जात नाही. एवढी साधी गोष्ट होती, पण ती त्या खोलीत यायला कुणाच्या तरी तोंडाची गरज होती. साहेबांनी तिला जामिनावर सोडलं. जामीन कोण राहणार, हा प्रश्न आला तेव्हा मी धावत दुकानावर गेले. रशीदभाई माझ्यावर खेकसला, "तुले काय करा लागते दुनियादारी? अब्बा तिकडे दवाखान्यात, अन् तू कोर्टात!" असं म्हणत त्याने दुकानाचं फळकूट ओढलं, कागद घेतले आणि आला. वाटभर शिव्या देत होता. सही मात्र केली.

मग मी त्या दोन बाया शोधायला निघाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. रशीदभाईची सायकल घेऊन दुपारच्या उन्हात त्या रस्त्यावरची घरं, विटांच्या भट्ट्या, बोडीच्या, लहान तळ्याच्या, काठावर धुणं धुणाऱ्या बाया, सगळीकडे विचारत फिरले. लू लागायची वेळ. डोक्याला ओला दुपट्टा. एक सापडली. पोटापाण्यासाठी मोळ्या विकणारी म्हातारी. "हो वो माय, भेटली होती एक," ती म्हणाली. "पदरात गाठोडं घेऊन रडून राह्यली होती, अन् माह्याशी काहीतरी बोलली. मले वाटलं, वाट चुकली. मी तिले बस ठेसनाची वाट दाखवली." येते का कोर्टात सांगायला, असं विचारलं तर म्हणाली, "येतो ना. त्यात काय हाय?" त्या संध्याकाळी मी घरी येऊन रांजणातलं पाणी पीत उभी होते, पाय लटपटत होते, पाठीला घामोळ्या आलेल्या, आणि मला जाणवलं की नागपूरला जे थकायचे ते हे नव्हे. या थकण्यावर झोप लागत होती.

म्हणून मी लगेच डॉक्टरकी सोडली असं नाही. मी परत गेले. एक टर्म ओढली. घोळक्यातून चालले, प्लीहा चाचपल्या, प्रश्नांची उत्तरं दिली. पण खाटेवरचं माणूस बोलू लागलं की मी थांबायचे आणि घोळका पुढे जायचा. शेवटी एका सकाळी मी अभ्यासासाठी घेतलेली हाडांची पेटी एका ज्युनियर मुलीला देऊन टाकली आणि बसमध्ये बसले. कायद्याचा अभ्यास बारावीनंतरचा, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून. ती चौकशी मी आधीच करून ठेवली होती.

घरी पोचले तेव्हा अम्मी वडे तळत होती. "सुट्टी लागली काय?" तिने मागे न बघता विचारलं.

"नाई अम्मी. सोडलं."

"काय सोडलं?"

"डॉक्टरकी. वकिली शिकतो म्हणते."

अम्मीने कढईतला घाणा पूर्ण तळला, काढून ठेवला, चूल विझवली आणि आत जाऊन पडली. पीठ तसंच राहिलं. रशीदभाई दुकानातून आला, त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी शाळा सोडली ते कायले, नसीम?" एवढंच तो हळू बोलला. "दुकानाचा शौक होता काय मले?" त्याची मुलं शिकली, एक इंजिनियर झाला, तो स्वतः आता नातवंडांत असतो आणि माझ्याशी नीट बोलतो, तरी ते वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसलेलंच असतं. अब्बा मात्र संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले. तापाने फार वाळले होते. मग म्हणाले, "वकिलाले लोक लय शिव्या देतात, पोरी. हारला तो बी देते, जितला तो बी देते. आयकून घेता येईन?"

"येईन," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय."

शिव्या खरंच खूप ऐकल्या. अब्बांचं म्हणणं निदान त्या बाबतीत शंभर टक्के खरं निघालं. बाकी वकिलीने मला काय दिलं, असं आताचे ज्युनियर विचारतात, तेव्हा मी त्यांना चहा पाजते. बाहेर खनिजाचे ट्रक जात असतात, धूळ कपबशीपर्यंत येते, आणि आत पुढच्या तारखा पडत असतात.

अम्मी माझ्याशी खाण्यापिण्याखेरीज बोलेनाशी झाली. मी नागपूरला कायदा शिकत होते, पण जैनीच्या प्रत्येक तारखेला दुभाषी म्हणून यायचे. रात्री घरी मुक्काम करायचे. "भात घेते?" "घेते." "डाळ?" "दे." एवढं आमचं संभाषण. लोकांना ती अजूनही सांगायची, नसीम डॉक्टर होणार होती. जैनी दर तारखेला तिच्या गावाहून निघायची. पावसाळ्यात नदीला पूर असला की पोचायची नाही, मग साहेब वॉरंटची भाषा करायचे आणि मी पुराची. असे दोन पावसाळे गेले. मोळीवाल्या म्हातारीने साक्ष दिली, नीट दिली. मग एके दिवशी दुपारी साहेबांनी निकाल वाचला. जन्म लपवण्याचा हेतू दिसत नाही, आरोपीची निर्दोष मुक्तता.

मी जैनीला सांगितलं, तू सुटलीस, आता यायचं नाही, तुझ्यावर काही नाही. तिने नीट ऐकलं. मग तिने एक प्रश्न विचारला. साहेबांना वाटलं ती आभार मानते आहे. "काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

भाषांतर पूर्ण करायचं, हे मी शपथेवर कबूल केलं होतं. "ती विचारते, साहेब, की माझं बाळ आता परत द्याल का? तुम्ही ते झाडाखालून काढून आणलं होतं. तिला गावच्या मोहाखाली ठेवायचं आहे."

साहेबांनी फाइल मिटली, पण लगेच बाजूला ठेवली नाही. त्यांचे हात फाइलवरच राहिले. मग त्यांनी खाली बघून पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. त्यांच्याकडे त्यावर हुकूम नव्हता. माझ्या पुस्तकांतही नव्हता, मी नंतर पाहिलं.

तिची बस संध्याकाळी होती म्हणून मी तिला घरी आणलं. अम्मीने दोघींना वाढलं. जैनी जेवता जेवता थांबली आणि मला पुन्हा तेच विचारू लागली. कुठे ठेवलं असेल? कुणाला विचारायचं? अम्मी दारात उभी होती. कितीतरी महिन्यांनी तिने मला खाण्याशिवाय दुसरं काही विचारलं.

"काय म्हणून राह्यली ते?"

मी सांगितलं. सगळं, झाडाच्या दुधासकट. अम्मी ऐकत राहिली. मग तिने खुंटीवरची ओढणी घेतली. "बेवारस मयतं त्या नाल्याकडे पुरतात," ती म्हणाली. "चाल. जेवू दे तिले आधी, मंग चाल."

आम्ही तिघी नाल्याकाठी गेलो. काटेरी झुडपं, इकडेतिकडे उंचवटे, कशावर काही खूण नाही. जैनी हिंडून प्रत्येक उंचवट्यापाशी वाकून पाहत होती, जणू ओळख पटेल. पटली नाही. अम्मी खाली बसली, तळवे पसरले आणि ओठांत फातेहा पुटपुटू लागली. ते पाहून जैनीही बसली. मग तिने जिथे बसली होती तिथलीच माती दोन्ही हातांनी उकरली, पदरात घेतली आणि घट्ट गाठ मारली.

बस वेळेवर आली. जैनी खिडकीपाशी बसली, गाठ मांडीवर. बस वळून दिसेनाशी झाली तरी अम्मी रस्त्याकडे बघत उभी होती.

"वाटेत भूक लागन तिले," ती म्हणाली. "डबा द्याचा राह्यला. पुढच्या तारखेले आली का देजो."

"तारीख नाई आता, अम्मी. केस संपली तिची."

अम्मीने माझ्याकडे वळून पाहिलं. "संपली?" ती म्हणाली. "असं कसं संपली?"

आम्ही दोघी धुळीतून घराकडे चालू लागलो.